डांगाणातील ग्रामपदभ्रमण

डांगाणातील ग्रामपदभ्रमण : अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्याचा जो पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य धारेस भिडलेला आहे आणि ज्यास तेथील रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या डांगाण म्हणत आले आहेत, त्या मुलखात स्थानिक वाटाड्याच्या सोबतीने, वाडी-वस्तीवर मुक्काम करीत आणि यजमानाच्या चुलीवरचे अन्न घेत केलेला पायी प्रवास. कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड ही येथील शिखरे आणि दुर्ग गिरिप्रेमींच्या उत्तम परिचयाचे आहेत व त्यांवर विपुल लेखनही झालेले आहे. प्रस्तुत नोंदीत मात्र त्यांच्या पायथ्याच्या वस्तीकडे अधिक लक्ष दिले आहे, कारण वाट, पाणी, निवारा आणि माहिती या चारही गोष्टी प्रवाशास ज्याच्याकडून मिळतात, तो येथील महादेव कोळी जमातीचा शेतकरी या पदभ्रमणाचा खरा आधार होय.

भूप्रदेश : संगमनेरच्या सपाटीकडून हळूहळू चढत येणारा हा प्रदेश पश्चिमेस एकाएकी तुटतो आणि उभ्या कड्यांनी कोकणात उतरतो. 1,646 मी. उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर त्याच्या उत्तर हद्दीवर असून, दक्षिणेस हरिश्चंद्रगडाचे तारामती शिखर 1,400 मीटरांहून अधिक उंच आहे. या दोहोंच्या दरम्यान प्रवरा व मुळा यांची उगमस्थाने, 1926 साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण आणि 1986 मध्ये घोषित झालेले सुमारे 361 चौ. किमी. क्षेत्राचे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य सामावलेले आहे. धारेवरील घाटघर येथे वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या कितीतरी पट. आणि तरीही कातळाच्या उतारांवर ते पाणी ठरत नसल्यामुळे चैत्र-वैशाखात याच भागातील अनेक वाड्यांच्या स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी दूरच्या झऱ्यापर्यंत पायपीट करावी लागते.

मराठवाड्यातील वाचकास हा मुलूख परका वाटू नये, यास एक सबळ कारण आहे. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली प्रवरा भंडारदरा व निळवंडे या धरणांतून पुढे जाऊन, संगमनेर मागे टाकून, प्रवरासंगम येथे, म्हणजे आपल्याच गंगापूर तालुक्यातील कायगाव टोक्याच्या समोर, गोदावरीस मिळते. तेथून ते पाणी पैठणच्या नाथसागरात येते आणि 1965 मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या जायकवाडी प्रकल्पाच्या याच जलाशयातून छत्रपती संभाजीनगर शहराची तहान भागते. समन्यायी पाणीवाटपाच्या वादात वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडावे याची चर्चा दर दुष्काळात होते; परंतु ते पाणी ज्या डोंगरांवर पडते, त्या डोंगरांत राहणारा माणूस या चर्चेत क्वचितच डोकावतो. शहरातून वैजापूर, संगमनेर, अकोले या बाजूने सुमारे 200 किमी. अंतर तोडून जो प्रवासी रतनवाडीस पोहोचतो, तो आपल्या घरच्या नळाच्या उगमाशी येऊन पोहोचलेला असतो.

लोक व पूर्वेतिहास : मराठा अंमलात डोंगरी किल्ल्यांचा पहारा, घाटवाटांची राखण आणि आसपासच्या मुलखाचा बंदोबस्त यांची जबाबदारी अनेक ठिकाणी महादेव कोळ्यांच्या नाईकांकडे असे व तिच्या मोबदल्यात त्यांस वतने आणि हक्क मिळत. 1818 नंतर कंपनी सरकारने गडांवरील शिबंदी मोडली, जुने हक्क आखडते घेतले, आणि रोख सारा भरण्यासाठी सावकाराच्या ओसरीवर गेलेल्या रयतेच्या जमिनी कर्जापोटी त्याच्या खात्यात जमा होऊ लागल्या. या अन्यायातून जी बंडे उद्भवली, त्यांपैकी देवगावच्या राघोजी भांगरे यांचे बंड सर्वांत प्रखर ठरले. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजींना फाशी देण्यात आली. त्याच काळात कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने महादेव कोळी जमातीविषयी एक सविस्तर वृत्तान्त लिहिला. त्यातील माहिती मोलाची आहे, तथापि ती एका बंदोबस्त करणाऱ्याच्या नजरेने टिपलेली आहे, हे वाचताना विसरता येत नाही. आज पाहुण्यास खिंड पार करून देणाऱ्या वाटाड्याचे जे वाटांचे ज्ञान आहे, ते घाटांची राखण करणाऱ्या त्या पूर्वजांकडून आणि त्यानंतरच्या गुराख्यांकडून वंशपरंपरेने उतरलेले आहे.

दैवते व सण : कळसूबाईविषयीची दंतकथा अशी की, कळसू नावाची रानात हिंडण्याची आवड असलेली एक कोळी मुलगी पायथ्याच्या इंदोरे गावी एका घरी कामास राहिली, ती भांडी घासणार नाही व केर काढणार नाही या अटीवर; एके दिवशी पाहुणे आल्यामुळे तिला भांडी घासण्यास सांगितले गेले, तेव्हा तिने ते काम केले आणि लगेच घर सोडून ती डोंगरावर निघून गेली. शिखरावर तिचे लहानसे मंदिर असून नवरात्रात तेथे यात्रा भरते. पाहुण्यांच्या सरबराईसाठी यजमानाने घरात कामास राहिलेल्या मुलीस दिलेला शब्द मोडू नये, हा या कथेचा आशय पर्यटनाच्या आजच्या काळात तर अधिकच अर्थपूर्ण झाला आहे. आश्विन वद्य द्वादशीस येणारी वाघबारस हा येथील विशेष सण. शिवेवर, झाडाखाली, शेंदूर फासलेल्या शिळेच्या वा कोरलेल्या लाकडाच्या रूपात वाघोबा असतो. गुराखी घरोघरी फिरून शिधा गोळा करतात, देवापाशी नैवेद्य शिजवतात आणि गुरांस व माणसांस उपद्रव होऊ नये अशी प्रार्थना करतात. ज्या रानात बिबट्या आजही आहे तेथे ही पूजा जिवंत व्यवहाराचा भाग आहे. आणि वाटाड्या चालता चालता वाघोबापुढे क्षणभर थांबला, तर पाहुण्यानेही थांबावे व विचारल्याखेरीज छायाचित्र घेऊ नये, एवढे सौजन्य त्याच्याकडून अपेक्षित आहे.

घर, शेत व अन्न : पावसाच्या माऱ्यापासून रक्षण व्हावे म्हणून घरांची छपरे उतरती असतात, जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या व शेणामातीने सारवलेल्या, आणि गुरांचा गोठा पुष्कळदा घराच्याच एका अंगास. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे, मुसळधार पावसातही चिखलणीस न थकणारे डांगी जनावर ही या मुलखाची देणगी आहे. वैशाखात पालापाचोळा व शेण पसरून राब भाजतात, मृगाच्या पावसावर रोपे टाकतात आणि आषाढात आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालते. सखल खाचरांत भात, उतारांवर नागली व वरई, आणि कडेला खुरासणी. पाहुण्याच्या ताटात नागलीची भाकरी, पिठले वा हुलग्याचे शेंगोळे, ठेचा आणि हंगामाप्रमाणे चाई, कुर्डू, भोकर अशी एखादी रानभाजी येते. या पिकांचे देशी वाण टिकवण्याचे श्रेय येथील स्त्रियांस आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या अनुभवावर व बायफ संस्थेच्या साहाय्याने उभारलेल्या बीजसंग्रहाची दखल शासनाने 2020 साली पद्मश्री देऊन घेतली. शाळेची पायरी न चढलेल्या या शेतकरी स्त्रीने मडक्यांत व गाडग्यांत राखून ठेवलेल्या बियाण्याकडे पाहिले, म्हणजे या भागातील प्रत्येक घर हे आपल्या परीने एक दप्तरखाना आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

वाटा व वाटाडे : सर्वांत समृद्ध मार्ग रतनवाडीहून निघतो. अमृतेश्वराच्या कोरीव मंदिरापासून दाट रानातून कात्राबाईच्या खिंडीस चढावे, तेथून कुमशेतला उतरून मुक्काम करावा, आणि पुढे पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर जावे; या वाटेवर घनदाट जंगल, उघडी सडकातळे, ओढे आणि वस्त्या एकापाठोपाठ एक येतात, आणि कोणत्याही एका किल्ल्याच्या चढाईत न मिळणारे या प्रदेशाचे सलग दर्शन घडते. खिंडीच्या परिसरात गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की नवख्यास मुख्य वाट कोणती हे कळत नाही. दाट कारवीत दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, आणि श्रावणातील धुक्यात तर ज्याला या रानाची सवय आहे असा मनुष्यच पावलाखालच्या चढउतारावरून दिशा ओळखू शकतो. साम्रदजवळील सांदण ही दोन उभ्या कातळभिंतींमधील चिंचोळी घळ पावसाळ्यात पूर्णपणे वर्ज्य समजावी, कारण वरच्या अंगास पाऊस पडला की खाली पाण्याचा लोंढा येण्यास वेळ लागत नाही. येथे वाटाड्याने ‘आज नको’ म्हटले, तर तो शब्द अखेरचा मानावा. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यातील थंड पाण्याने वेढलेले शिवलिंग, पुष्करणी आणि योगी चांगदेवांच्या वास्तव्याची परंपरा यांविषयी स्थानिक वाटाडे जे सांगतात, त्यात पुस्तकी माहिती थोडी आणि गावातील ऐकीव वारसा पुष्कळ असतो. 1835 मध्ये कर्नल साइक्स याने गडाच्या कोकणकड्यावरून पाहिलेले इंद्रवज्र, म्हणजे वर्तुळाकार इंद्रधनुष्य, ग्रंथांतून प्रसिद्ध झाले. पाचनई-खिरेश्वरच्या गुराख्यांनी ते त्यापूर्वी किती वेळा पाहिले असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

संघटित स्वरूप : एखाद्या ओळखीच्या घरी उतरण्याची जुनी रीत मोडून गावाने सामूहिक रीतीने पाहुणे घेण्याचा प्रयोग पुरुषवाडी येथे 2006 च्या सुमारास ‘ग्रासरूट्स’ या उपक्रमाच्या साहाय्याने सुरू झाला. पाहुण्यांचे जेवण पाळीपाळीने निरनिराळ्या घरी ठेवावे, वाटाडे गावातलेच असावेत, आणि मिळालेला पैसा एका घरात न साचता वस्तीत फिरावा, हे त्याचे सूत्र. याच्या उलट चित्र काजव्यांच्या हंगामात दिसते. मेअखेरीपासून पहिला दमदार पाऊस होईपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या वृक्षांवर काजव्यांचे असंख्य थवे एका तालात लुकलुकतात. परंतु तो प्रकाश त्यांच्या मीलनाचा संकेत असल्यामुळे मोटारींचे दिवे, विजेऱ्या व झाडाखालची वर्दळ यांनी त्या व्यवहारातच विघ्न येते. रात्रीपुरती येणारी व पहाटे निघून जाणारी ही गर्दी गावास कचरा देते आणि मिळकत फारच थोडी. वनखात्याने घातलेले निर्बंध आवश्यक आहेत. तथापि गावकऱ्यास बरोबर घेतल्याशिवाय ते अमलात येणार नाहीत, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

गुरुंग प्रदेशाशी तुलना : ग्रामीण पदभ्रमणाचा सर्वांत सुविख्यात नमुना नेपाळात अन्नपूर्णा पर्वताच्या दक्षिण उतारावरील गुरुंग गावांत आढळतो. स्वतःस तमू म्हणवणारा हा समाज मेंढपाळी, पायऱ्यापायऱ्यांची शेती आणि गुरखा पलटणींतील चाकरी यांवर जगत आला; त्यांच्या शेतांतही नागली पिकते. कर्नल जेम्स रॉबर्ट्स यांनी 1964 मध्ये नेपाळात पदभ्रमणाचा व्यवसाय प्रथम सुरू केला, तेव्हा प्रवासी तंबूत राहत. पुढे गर्दीमुळे सरपणासाठी होणारी जंगलतोड ध्यानात येऊन 1986 मध्ये घांद्रुक या गुरुंग गावापासून अन्नपूर्णा संरक्षण प्रकल्पाचा आरंभ झाला. स्त्रियांचे ‘आमा समूह’ गावची स्वच्छता व पाहुणचार पाहू लागले. स्याङ्जा जिल्ह्यातील सिरुबारी येथे 1997 मध्ये घरोघरी पाहुणे ठेवण्याची पद्धत सुरू झाली, तीत पाहुण्यांचे पुष्पहारांनी व वाद्यांनी स्वागत होते आणि सायंकाळी नाचगाणी होतात.

दोन्ही प्रदेशांत डोंगरी समाज, पहाऱ्याची व लढवय्येपणाची परंपरा, आणि घरच पाहुण्याचे विश्रामस्थान होणे ही साम्ये आहेत. भेद आहे तो घरच्या पुंजीचा. सिरुबारीतील पुष्कळ घरांना पलटणीतून निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनीचा आधार होता. डांगाणातील घरास तसा आधार नाही, आणि हिरड्याच्या विक्रीतून मिळणारे चार पैसे सोडल्यास रोकड हाती येण्याचे मार्ग तुटपुंजे आहेत. आवणी आटोपली, भात घरात आला की कार्तिकानंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव व आसपासच्या बागायती भागांत जातात.

हंगाम : बहुतेक पर्यटक पावसाळ्यात येतात, आणि यजमानाचे हात नेमके त्याच काळात खाचरात गुंतलेले असतात. म्हणून छत्रपती संभाजीनगरकडील प्रवाशांनी वाघबारशीनंतरचा, म्हणजे साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ निवडणे दोहोंच्या सोयीचे आहे. हवा कोरडी व निरभ्र असते, ओढ्यांना पाणी असते, आणि वाटाड्यास त्या महिन्यांत गावातच काम मिळाले तर त्यास गाव सोडावे लागत नाही. येण्याची वर्दी काही दिवस आधी द्यावी, माणसांची संख्या नेमकी सांगावी, आणि मोबदला आधी ठरवून ज्या घरी जेवण झाले त्या घरच्या स्त्रीच्या हाती द्यावा, कारण पहाटेचे पाणी, दळण आणि चूल यांचा सारा भार तिच्यावर असतो.