चंदीगडचा सूर्य आणि डोळ्यांचे दुसरे काम

चंदीगडच्या विधानसभेच्या मीनाकारी दरवाजावर ल कार्बुझिएने सूर्याचा मार्ग, अयनदिन, विषुवदिन आणि ग्रहणे रंगवली आहेत. 1951मध्ये या शहराचा आराखडा हाती घेणाऱ्या या वास्तुकाराच्या लेखी सूर्याचा 24 तासांचा फेरा हेच माणसाच्या जगण्याचे मूळ माप होते. कॅपिटॉल या सरकारी संकुलाच्या आवारातला सावल्यांचा मनोरा त्याच विचारातून आला. पण ज्याला हा सूर्य दिसतच नाही त्याचे काय? आंधळ्याला दिवस काय नि रात्र काय, असे आपण सहज बोलून जातो. विसाव्या शतकातल्या संशोधनाने हे बोलणे दोन्ही अंगांनी खोटे पाडले आहे.

एक अंग 1977मध्ये उघड झाले. अमेरिकेतल्या एका पूर्ण अंध तरुणाच्या शरीराचा दिवस 24.9 तासांचा निघाला, म्हणजे झोपेची वेळ रोज सुमारे 54 मिनिटे पुढे सरकणार. आज रात्री दहाला पेंगणारा माणूस तेरा दिवसांनी सकाळी पावणेदहाला पेंगू लागतो, आणि पुढच्या तेरा-चौदा दिवसांत पुन्हा गाडी रुळावर येते. अशा माणसाला आळशी ठरवायला लोकांना वेळ लागत नाही. दुसरे अंग 1995मध्ये पुढे आले: उजेडाचे भानही नसलेल्या काही अंधांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला, तर मेलाटोनिन हे रात्री शरीरात वाढणारे संप्रेरक डोळसांसारखेच घटले. याचा उलगडा 2002मध्ये झाला. दृष्टिपटलातल्या मोजक्या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात आणि मेंदूतल्या घड्याळाला वेळ कळवतात. त्यांना चित्र दिसावे लागत नाही. सूर्य माणसाचा दिवस बांधतो हे ल कार्बुझिएचे म्हणणे खरे, पण ती गाठ नुसत्या दिसण्याने पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, वसतिगृहाची घंटा, जेवणाच्या ठरलेल्या वेळा पुरेशा नाहीत का? काहींना पुरतातही, पूर्ण अंध असून 24 तासांना धरून राहणारी माणसे आहेत. पण 1977चा तो तरुण रुग्णालयात काटेकोर वेळापत्रकावर ठेवूनही ताळ्यावर आला नव्हता. शिस्तीने उठवता येते, झोपवता येत नाही. म्हणून चंदीगडच्या सेक्टर 26मधल्या अंधांच्या संस्थेसारख्या निवासी संस्थांत पहाटेच्या घंटेइतकेच महत्त्व सकाळच्या उन्हाला हवे. मुले अंध आहेत म्हणून अंधाऱ्या खोल्या चालतील, हा हिशेब चुकीचा. दृष्टी गेलेला पण दुखत नसलेला डोळा केवळ निरुपयोगी म्हणून काढण्याआधीही नेत्रतज्ज्ञाने हे दुसरे काम तपासावे. ज्यांच्या डोळ्यांतून उजेड पोहोचतच नाही त्यांच्यासाठी 2000 साली एक वाट सापडली: रोज ठरल्या वेळी मेलाटोनिन दिल्यावर सात पूर्ण अंधांपैकी सहा जणांचे घड्याळ 24 तासांवर आले.