एस्टोनियाच्या क्रून नाण्याचें तारण

नोटेवरील सन हाच ती व्यवहारांत आल्याचा सन, असें गृहीत धरून संग्राहक पुष्कळदां फसतात. एस्टोनियाच्या ५ क्रूनच्या नोटेवर बुद्धिबळपटु पाउल केरेस याचें चित्र व सन १९९१ आहे, परंतु ता. २० जून १९९२ पर्यंत त्या देशांत सोव्हिएत रूबलच चालत होता. म्हणून आम्ही छापील सनापेक्षां नोटेच्या तारणास अधिक महत्त्व देतों.

हें तारण जुनेंच होतें. पहिलें क्रून नाणें इ.स. १९२८ मधलें. इ.स. १९४० सालीं सोव्हिएत संघानें देश गिळला, तेव्हां तेथील मध्यवर्ती बँकेचें सुमारें ११ टन सोनें परदेशांत ठेवलेलें होतें. इंग्लंडनें आपल्याकडील सोनें इ.स. १९६७ सालीं खुशाल विकून टाकलें, आणि १९९२ सालीं तितकेंच पुन्हां भरून दिलें! ठेवीचा कागद अस्सल असला म्हणजे ऋणको अर्धशतकानें कां होईना, वठणीवर येतो.

या सोन्यावर व परकीय चलनावर जेवढें भागेल तेवढाच क्रून काढावा, सरकारास उसनें देऊं नये, आणि ८ क्रूनांस १ जर्मन मार्क हा भाव राखावा, असा निर्बंध ठरला. दर रहिवाशास १५०० रूबल १० स १ या भावानें बदलून मिळाले. त्यावरील रोकडीस भाव ५० स १. बँकेंतील ठेवींस मात्र १० चाच भाव लाभला. घरांत रोकड सांठवणारे बुडाले, हें उघड आहे.

खरी कसोटी नोव्हेंबर १९९२ मध्यें लागली. तीन मोठ्या बँकांचे व्यवहार थांबले. पैकीं दोहोंचा पैसा मॉस्कोच्या परदेश-व्यापार बँकेंत अडकला होता. त्यांच्यासाठीं विनातारण नोटा काढणें निर्बंधानें अशक्य होतें. दोन बँकांची मिळून एक केली. टार्टूच्या बँकेचें दिवाळें निघूं दिलें. ठेवीदारांस झळ लागली, पण भाव ढळला नाहीं. आम्हांस हा निर्णय कठोर, तरी योग्य वाटतो.

ता. १ जानेवारी २०११ रोजीं क्रून जाऊन युरो आला. भाव १५.६४६६. एका युरोचे जर्मन मार्क १.९५५८३ ठरलेले होते. त्यास ८ नें गुणून वाचकांनीं ताळा पाहावा.