तुळईवरून उतरलेला पाळणा

वाशिम जिल्ह्यातील आसेगावासारख्या वऱ्हाडी गावात एखादा हौशी गृहस्थ, करवत आणि रंधा प्रथमच हाती धरून, घरी येऊ घातलेल्या बाळासाठी पाळणा करावयास बसला, म्हणजे तो बहुधा घोडीवर, म्हणजे स्वतःच्या पायांवर उभ्या चौकटीवर, टांगलेला पाळणाच मनाशी योजतो. आणि पाळण्याचे कूळ ठाऊक नसल्यामुळे सोपे काम टाकून अवघड काम पत्करतो. ही घोडी त्या वंशात फार उशिरा आलेली आहे.

मूळपुरुष म्हणजे लुगड्याची झोळी. कापूस वेचावयास आलेल्या बाईने ती कडुनिंबाच्या फांदीला बांधावी, आणि वेचणीच्या ओळी संपेपर्यंत मुलाने तीत निजावे, ही रीत कोणत्याही सुताराच्या जन्माआधीची असून आजही हयात आहे. टांगून झुलण्याचे सुख तर ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील वसिष्ठालाही ठाऊक होते. वरुणाच्या सहवासात ‘प्रेंखा’वर झोके घेण्याची गोष्ट तो बोलतो.

झोळीत लाकूड शिरले ते चौकटीच्या रूपाने, आणि चौकट टांगावयास घर तयारच होते. वऱ्हाडातील धाब्याच्या घरात मातीचा भार पेलणाऱ्या जाड तुळया असत. त्यांतील एखादीच्या हलकडीला दोर अडकविला की सुताराने करावयाचे काम चार बाजू आणि तळ एवढेच उरे. आठ फूट दोराच्या पाळण्यास एका आंदोलनाला सुमारे 3 सेकंद लागतात, दोन फुटी टांगणीस जेमतेम दीड. तेव्हा जुन्या पाळण्याचा संथपणा लाकडात नव्हता, छताच्या उंचीत होता.

सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. औत, वखर, तिफण यांची दुरुस्ती खळ्यावरच्या धान्याच्या हक्कात उरके. शेतीबाहेरच्या नव्या कामाची मजुरी मात्र निराळी ठरे. त्यामुळे श्रीमंताघरी पाळणा नटला. कातारी दांड्या कातून देई, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवी, आणि वर लाकडी राघू टांगले जात. गरिबाची झोळी झोळीच राहिली.

बारशाच्या दिवशी बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात. शास्त्री त्याचा अर्थ दीर्घायुष्याशी जोडोत. मला तर त्यात एका शहाण्या सुईणीचा हिशेब दिसतो. मुलाच्या तोलाचा दगड झोके खाऊन सुखरूप उतरला, म्हणजे दोराची आणि हलकडीची परीक्षा आपोआप झाली. हे अनुमान माझे आहे, पण ज्या चालीरीतीत उपयोग दिसतो ती मला अधिक आदरणीय वाटते.

पुढे धाबे गेले, स्लॅब आला, आणि ओतकामाच्या वेळी कडी ठेवण्याचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. तुळई हरवलेल्या पाळण्याला स्वतःचे पाय शोधावे लागले. त्यांतून घोडी निघाली, आणि तिच्यामागून लोखंडी नळ्यांची चौकट आली. घोडी करणे हे नवशिक्याचे काम नव्हे: झोक्याबरोबर तिचे सांधे दर क्षणी आडवे ओढले जातात, कुसू भोकात किंचित सैल बसला तरी महिनाभरात सारे डुलू लागते, आणि पाय पुरेसे पसरले नाहीत तर ती कलंडते.

ज्यांच्या घरी पक्की तुळई किंवा छतात रोवलेली मजबूत कडी आहे, त्यांनी म्हणून टांगता पाळणाच करावा. लाकूड वाळलेले सागवान घ्यावे, तळ सपाट फळीचा ठेवावा, गजांमधील अंतर 6 सेंटिमीटरांहून कमी राखावे. जुन्या डब्यातला तैलरंग लावू नये. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 सालचे आहेत, आणि मूल कठडा चाटल्यावाचून राहत नाही. ते हातागुडघ्यांवर उठू लागले की मात्र पाळणा त्याच दिवशी उतरवावा.