अरिताच्या भट्टीपुढे

नवतपा सोसलाय ना तुम्ही? मग या, नागपूरकर, भट्टीपुढे उभं राहायचा पहिला मान तुमचा. पण जरा जपून. पारा ४५ ओलांडला की तुमचं बर्डी दुपारी ओस पडतं. इथे आत १३०० अंश धगधगतायत.

हे अरिता, जपानच्या क्यूशू बेटावरचं कुंभारांचं गाव, १६६० च्या आसपासचं. भट्टीच्या कोठड्या एकावर एक डोंगर चढत गेल्यात. उघडे-घामेजलेले गडी बाजूच्या भोकातून चिडाची लाकडं आत फेकतायत. राळेचा धूर नाकात झोंबतो. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी मुसळं चिनीमातीसाठी इझुमियामाच्या खाणीतला दगड कुटतायत, धप्प, धप्प. तो आवाज तुमच्या छातीतच वाजतोय.

आता चाकाकडे सरका, माती पायाला गार लागेल. कुंभारासमोर बिअरचा चक्क लाकडी मग ठेवलाय. नागासाकीच्या देजिमा बेटावरच्या डचांनी पाठवलेला नमुना. चीनमधल्या लढायांनी तिकडचा माल आटला, म्हणून १६५९ मध्ये त्यांनी अरिताकडे एकदम पन्नास हजारांवर नगांची मागणी नोंदवली. उचला तो मग. याला कान आहे! इथल्या चहाच्या वाटीला कान नसतो, ती ओंजळीत धरायची. बिअर कशी पितात, हे या माणसाने कधी पाहिलेलं नाही. तरी बघा, तो मग नमुन्यापेक्षा मोठा घडवतोय. भाजताना माती आक्रसते; किती, ते त्याच्या बोटांना ठाऊक. कान चिकटवून वरच्या अंगाला तो बारीक भोक पाडतो. धातूच्या झाकणाची बिजागरी त्यात युरोपातला सोनार बसवणार. याला नक्कल म्हणू नका. न पाहिलेल्या घरातल्या माणसाच्या हाताला नीट बसेल असं भांडं करणं, ही मोठी कारागिरी आहे.

पलीकडे चितारी कुंचल्याने फुलं काढतोय. रंग मळकट, काळपट दिसतोय ना? थांबा, भट्टीतून तो निळाशार होऊन येईल.

बाजूला व्हा, हमाल आले! पेंढ्यात बांधलेला माल इमारी बंदराकडे निघालाय. तिथून नागासाकी, मग बटाव्हिया (आजचं जकार्ता), मग हॉलंड.

तुम्हाला एवढं लांब जायला नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेल्या संग्रहात जपानी भांडी आहेत. पुढच्या मुंबई-फेरीत तासभर काढा आणि प्रत्येक भांड्याचा आकार कोणाच्या सोयीचा आहे, तेवढं बघा.