सर्व्हरवरील सेवा आपोआप पूर्ववत होणे

मोहगावच्या (तहसील सौंसर, जिल्हा पांढुर्णा) रेशन दुकानात कार्डधारकाने यंत्रावर अंगठा टेकवला, की ओळख पटवण्याची विनंती दूरच्या सर्व्हरकडे जाते. तिथे डेटाबेस, वेबसेवा अशा अनेक प्रक्रिया अखंड चालू असाव्या लागतात. एक जरी थांबली तरी दुकानातली रांग अडते. म्हणून सर्व्हरवर या प्रक्रियांवर पहारा ठेवणारी वेगळी आज्ञावली नेमतात.

जुन्या युनिक्समध्ये हे काम 'इनिट' ही पहिली प्रक्रिया करीत असे. २०१० मध्ये आलेली 'सिस्टिमडी' आज बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर तेच करते. प्रक्रिया बंद पडताच कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) सिस्टिमडीला सूचना मिळते आणि ठरवून दिलेल्या नियमानुसार ती प्रक्रिया पुन्हा सुरू केली जाते. प्रक्रिया चालू दिसते पण गोठलेली असते, तेव्हा ही सूचना येत नाही. त्यासाठी प्रक्रियेने ठरावीक अंतराने खुणेचा संदेश पाठवावा, अशी अट घालता येते; संदेश चुकला की ती बंद करून नव्याने सुरू केली जाते. 'मॉनिट'सारखी आज्ञावली सेवेला बाहेरून विनंती पाठवून उत्तर येते का, हे तपासते. मेमरीचा वापरही मोजते.

मूळ दोष कायम असेल तर प्रक्रिया पुन्हापुन्हा कोसळते. म्हणून प्रयत्नांना मर्यादा असते: सिस्टिमडीत मुळात १० सेकंदांत ५ वेळा. त्यानंतर सेवा 'अयशस्वी' ठरते आणि नोंदी पाहून दोष माणसालाच शोधावा लागतो. गावातली वीज किंवा मोबाइलचे नेटवर्क गेले असेल, तर या व्यवस्थेचा उपयोग होत नाही.