जबड्यानें ऐकणारे जलचर

नदीच्या डोहांत बुडी मारलेल्या मुलाजवळ पाण्याखालीं कोणी दगडावर दगड आपटला, तर तो आवाज त्यास चांगला खणखणीत ऐकूं येतो; पण तो कोणत्या बाजूनें आला, हें त्याला सांगतां येत नाहीं. ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर धांवतो. पाण्यांतील त्याचा वेग कोलादों व स्टुर्म या दोघांनीं १८२६ सालीं जिनीव्हाच्या सरोवरांत मोजला. एका नावेंतून पाण्यांत सोडलेली घंटा वाजवावयाची, त्याच क्षणीं दारू पेटवून उजेड करावयाचा, आणि दूरच्या नावेंत कर्णा पाण्यांत बुडवून ऐकावयाचें, अशी ती युक्ति होती. उत्तर आलें १,४३५ मीटर. म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक. इतक्या वेगाची लहर दोन्ही कानांस जवळजवळ एकदमच गांठते, आणि कवटीचें हाडही स्वतःच कांपूं लागून दोहोंकडे सारखेंच ऐकवितें. जमिनीवरील सस्तन प्राण्याच्या कानाची पाण्यांत अशी फजिती होते. मग देवमासे व डॉल्फिन हे सस्तनच असतां त्यांचें कसें चालतें?

प्रश्न फार जुना आहे. डॉल्फिनला कानाचें छिद्र दिसत नाहीं, तरी त्यास ऐकूं येतें, असें ॲरिस्टॉटलनें दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं लिहून ठेवलें. त्याची साक्ष कोळ्यांची होती: पाण्यांत गलबला केला कीं डॉल्फिन गांगरतात व सांपडतात. लंडनचा शस्त्रवैद्य जॉन हंटर यानें १७८७ मध्यें देवमाशांच्या शरीररचनेवर निबंध लिहिला व त्यांच्या कानाचें वर्णन केलें. तीस वर्षांनंतर उत्तर ध्रुवाकडील देवमाशांचा शिकारी विल्यम स्कोर्सबी यानें १८२० च्या आपल्या ग्रंथांत एक मार्मिक निरीक्षण नोंदविलें. गलबताच्या लांबीएवढ्या अंतरावरून माणूस ओरडला तरी देवमासा लक्ष देत नाहीं. पण शांत पाण्यांत जरासें चुबुक् झालें कीं तो दचकतो. विद्वानांच्या पुष्कळ पानांपेक्षां या खलाशाच्या दोन ओळींत अधिक सत्य होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यापुढें शतकभर गोष्ट फारशी सरकली नाहीं. ती हलली १९४७ मध्यें, फ्लॉरिडांतील मरीन स्टुडिओज या मत्स्यालयाच्या आर्थर मॅकब्राइड या अधिकाऱ्यामुळें. त्याला डॉल्फिन जिवंत धरावयाचे असत. रात्रीच्या काळोखांत, गढूळ पाण्यांत, बारीक डोळ्यांचें जाळें लावलें तर ते त्याला शिवतही नसत. मोठ्या डोळ्यांचें लावलें तर मात्र सांपडत. डोळ्यांनीं तर कांहीं दिसणें शक्य नव्हतें. वटवाघूळ आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनि ऐकून अंधारांत अडथळे चुकवितें, हें ग्रिफिन व त्याच्या सहकाऱ्यांनीं नुकतेंच दाखविलें होतें. तसाच प्रकार येथें असावा, असें मॅकब्राइडनें आपल्या टिपणवहींत लिहिलें. १९५० मध्यें तो वारला. तें टिपण विल्यम शेव्हिल यानें १९५६ मध्यें छापविलें, तेव्हां जगाला कळलें.

तोंवर केलॉग व कोहलर यांनीं १९५२ मध्यें दाखविलें होतें कीं दर सेकंदास ८०,००० कंपनांचा ध्वनिही डॉल्फिनला जाणवतो. मनुष्याची मर्यादा २०,००० ची. १९६७ मध्यें जॉन्सननें शिकविलेल्या एका डॉल्फिनवर सावकाश मोजणी केली, ती १,५०,००० पर्यंत गेली. कॅलिफोर्नियांत केनेथ नॉरिस यानें एका डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबराच्या वाट्या बसविल्या. तरी तो निर्वेधपणें वावरला व मासे शोधून घेत गेला. ऐकणें म्हणजेच त्याचें पाहणें होतें, येथवर वाद उरला नाहीं.

पण आवाज आंत जातो कोठून? ब्रिटिश म्युझियममधील फ्रेझर व पर्व्हेस यांचें मत असें कीं जुनी कर्णनलिका बारीक झाली असली तरी मार्ग तोच आहे. नॉरिसला हें पटेना. त्याच्या हातीं डॉल्फिनच्या खालच्या जबड्याचें एक सुकलेलें हाड आलें. त्याचा मागचा भाग इतका पातळ होता कीं उजेड आरपार दिसावा. ह्याच पोकळ हाडांत जिवंतपणीं एक विशिष्ट प्रकारची चरबी भरलेली असते, आणि ती थेट कानाच्या हाडापर्यंत पोहोंचते. चरबी ध्वनीला पाण्यासारखीच वाट देते. म्हणून १९६४ मध्यें त्यानें प्रतिपादन केलें कीं डॉल्फिन जबड्यानें ऐकतो. ऐकणाऱ्यांस प्रथम हें हास्यास्पद वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु १९६८ मध्यें बुलक व त्याच्या सहकाऱ्यांनीं मेंदूंतील विद्युत्स्पंदनें मोजलीं, तों जबड्याशीं आवाज केला असतां तीं विशेष जोरदार निघालीं. पुढें १९८८ मध्यें ब्रिल यानें आवाज अडविणारी टोपी जबड्यावर चढविली, तेव्हां एरवीं अचूक असणारा डॉल्फिन चुकूं लागला.

राहिला दिशेचा प्रश्न. डॉल्फिनच्या कानाचें हाड अतिशय घट्ट व जड असून तें कवटीला जखडलेलें नसतें. भोंवतीं हवेच्या पोकळ्या असतात व तें स्नायुबंधांनीं टांगलेलें असतें. कवटी कांपली तरी कान वेगळा राहतो. डोहांतल्या मुलाजवळ जें नाहीं तें हेंच.

ह्या कानाचा आरंभ भारताच्याच दगडांत सांपडला. भूवैज्ञानिक ए. रंगाराव यांनीं जम्मूकडील कालाकोट येथून जीवाश्म गोळा केले होते व १९७१ मध्यें त्यांतील एका लहानशा खुरी प्राण्यास इंडोह्यूस असें नांव दिलें होतें. त्यांच्या पश्चात् उरलेले दगड त्यांच्या पत्नीनें थेविसन या संशोधकास दिले. साफ करतांना एक कवटी चुकून फुटली. आणि आंतून कानाच्या हाडाची ती जाड भिंत दिसली जी देवमाशांच्या कुळाखेरीज कोठें नसते. २००७ मध्यें हें प्रसिद्ध झालें. तो प्राणी सुमारें ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वींचा, मांजराच्या बेताचा होता. त्याआधीं २००४ मध्यें पाकिस्तान व कच्छ येथील जीवाश्मांवरून, जबड्यांतील चरबीची वाट पिढ्यानपिढ्या कशी रुंद होत गेली, हेंही मांडलें गेलें होतें.

एवढा नाजूक कान मनुष्याच्या गलबल्यांत सांपडला. मार्च २००० मध्यें बहामा बेटांच्या किनाऱ्यावर १७ प्राणी येऊन पडले. त्यांत बहुतेक चोंचवाले देवमासे होते, व तपासलेल्यांपैकीं कांहींच्या कानांभोंवतीं रक्तस्राव आढळला. अमेरिकन आरमारानेंच पुढच्या वर्षीं आपल्या अहवालांत कबूल केलें कीं पाणबुड्या शोधण्याच्या त्यांच्या ध्वनियंत्राखेरीज दुसरें संभवनीय कारण दिसत नाहीं.

तेव्हांपासून आवाजाला मर्यादा घालण्याची भाषा सुरू झाली. पण मर्यादा घालावयाची तर कोणास काय ऐकूं येतें हें मोजलें पाहिजे, आणि झालरदांती देवमासे कोणाच्याही हौदांत मावत नाहींत. नॉर्वेच्या किनाऱ्यावर २०२३ मध्यें संशोधकांनीं दोन तरुण मिंके देवमासे जाळ्यांनीं अडविले, अंगावर विद्युदग्रें लावून त्यांचें ऐकणें मोजलें व त्यांना सोडून दिलें. ह्या जातीचे देवमासे खर्जांतलेच आवाज ऐकतात अशी समजूत होती. २०२४ मध्यें निष्कर्ष छापून आला: सेकंदास निदान ४५,००० कंपनांपर्यंत त्यांना ऐकूं येतें.