हस्तनिर्मित साबण

हस्तनिर्मित साबण म्हणजे यंत्राधारित कारखान्याऐवजी घरी किंवा लघुउद्योगात, थोड्या प्रमाणात व हाताने तयार केलेला साबण होय. रंग, सुगंध व आकार यांमुळे त्याला शोभेच्या वस्तूचेही स्वरूप येते. छंद म्हणून साबण बनवणारे लोक आपल्या वड्यांची आपापसांत देवाणघेवाण करतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात स्नानासाठी पूर्वापार उटणे, डाळीचे पीठ, रिठा व शिकेकाई वापरली जात असे. १९१८ मध्ये गोदरेज कंपनीने वनस्पती तेलापासून बनवलेला 'चावी' हा साबण बाजारात आणला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्धा येथील मगनवाडीत होते. स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेल व साबण या उद्योगाला ग्रामोद्योगांत स्थान दिले. मोह, करंज व कडुनिंब यांच्या बियांचे तेल त्यासाठी उपयोगी पडते. अमरावती जिल्ह्यातील परतवाडा हे मेळघाटच्या पायथ्याचे शहर असून मेळघाटच्या जंगलात मोहाची झाडे आढळतात.

रासायनिक प्रक्रिया

तेलाची दाहक सोड्याशी (कॉस्टिक सोडा) अभिक्रिया होऊन साबण व ग्लिसरिन तयार होते. या क्रियेस साबणीकरण म्हणतात. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. १ किलो खोबरेल तेलास सुमारे १८३ ग्रॅम, मोहाच्या तेलास सुमारे १३५ ग्रॅम, तर एरंडेलास सुमारे १२८ ग्रॅम सोडा लागतो. त्यामुळे एका तेलाचे प्रमाण दुसऱ्यासाठी वापरता येत नाही. त्वचेवर मोकळा सोडा राहू नये म्हणून हिशेबापेक्षा साधारण ५ टक्के सोडा कमी घेतात.

कृती

शीत पद्धतीत सोड्याचे थंड केलेले द्रावण तेलात मिसळून मिश्रण दाटसर होईपर्यंत घोटतात व साच्यात ओततात. एक-दोन दिवसांनी वड्या कापून हवेशीर जागी ४ ते ६ आठवडे मुरवतात. या काळात पाणी उडून जाते व वडी कठीण होते. दुसऱ्या पद्धतीत तयार साबणाचा गोळा वितळवून त्यात रंग व सुगंध मिसळतात. यात सोडा हाताळावा लागत नसल्याने नवशिक्यांना ती सोयीची ठरते.

सजावट

साबण अल्कधर्मी असल्याने अनेक रंग त्यात टिकत नाहीत. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि हळदीपासून कुंकू बनवतात, ते याच गुणधर्मामुळे. म्हणून शीत पद्धतीत घातलेली हळद आरंभी तांबूस दिसते. अल्कलीत टिकणारी खनिज रंगद्रव्ये व अभ्रकयुक्त रंग अधिक खात्रीचे असतात.

देवाणघेवाण

अशा उपक्रमात सहभागींची संख्या, वडीचे वजन व मुदत आधी ठरवतात. आठ जण असल्यास प्रत्येकजण आठ सारख्या वड्या संयोजकाकडे देतो व त्याला आठ प्रकारच्या वड्या परत मिळतात. घेणाऱ्याला वडी बनताना दिसलेली नसते, त्यामुळे हा व्यवहार विश्वासावर चालतो. वेष्टनावर सर्व घटक, सुगंधी द्रव्ये व बनवल्याची तारीख लिहिणे आवश्यक मानले जाते. बदाम तेलासारख्या घटकांची काहींना अधिहर्षता असते, तर न मुरलेली वडी त्वचेस त्रासदायक ठरू शकते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणूनही असे साबण दिले जातात.

हवामानाचा परिणाम

वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या काळात पाठवलेल्या वड्या वाटेत मऊ पडू शकतात. पावसाळ्यात ग्लिसरिन हवेतील आर्द्रता शोषून घेते व वितळवून केलेल्या वड्यांवर थेंब जमतात. म्हणून त्या लगेच घट्ट गुंडाळून ठेवतात. कोरडा हिवाळा मुरवणीस अनुकूल असतो.

सुरक्षितता व नियमन

सोडा नेहमी पाण्यात टाकतात. सोड्यावर पाणी ओतल्यास द्रावण उसळते. ॲल्युमिनियमच्या भांड्याशी सोड्याची अभिक्रिया होऊन ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो, म्हणून स्टेनलेस स्टीलची भांडी वापरतात. हातमोजे व चष्मा आवश्यक असून मुलांना दूर ठेवतात. द्रावण अंगावर सांडल्यास भरपूर वाहत्या पाण्याने धुतात. डोळ्यात गेल्यास धुऊन तातडीने वैद्यकीय मदत घेतात. भारतात विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनांचे उत्पादन करण्यास प्रसाधन नियम, २०२० नुसार परवाना लागतो.